निरोप पोचला, पण काम झाले का? : संदेशप्रणालींविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील लेखात एका मोठ्या प्रोग्रामचे अनेक लहान प्रोग्राम का केले जातात, याची चर्चा होती. त्यावर आलेली बरीचशी पत्रे एकाच मुद्द्याभोवती फिरतात : हे लहान प्रोग्राम एकमेकांशी बोलणार कसे, आणि त्या बोलण्याची खात्री कोणी द्यायची? म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे संदेशप्रणालींना दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि ज्या प्रश्नात गुंता अधिक, त्याला जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : एक प्रोग्राम दुसऱ्याला नेटवर्कवरून थेट विनंती करू शकतो आणि उत्तरही लगेच मिळते. असे असताना मध्ये ब्रोकर नावाचा तिसरा प्रोग्राम बसवण्याचे कारण काय? तो बंद पडला तर सगळेच बंद पडेल, नाही का?

उत्तर : थेट विनंतीत एक अट गृहीत धरलेली असते. विनंती करणारा आणि ती स्वीकारणारा असे दोन्ही प्रोग्राम त्याच क्षणी चालू असले पाहिजेत, आणि स्वीकारणाऱ्याला त्या क्षणी सवड असली पाहिजे. ऑर्डर नोंदवणारा एक प्रोग्राम आहे असे धरा. ऑर्डर नोंदल्यावर साठ्यातून वस्तू वजा करायची आहे, हिशेबात नोंद जायची आहे, ग्राहकाला पावतीचा ईमेल पाठवायचा आहे आणि मालाच्या रवानगीची सूचना द्यायची आहे. ही चारही कामे थेट विनंतीने केली, तर ईमेलचा सर्व्हर पाच मिनिटे बंद असल्यामुळे ऑर्डरच घेता येत नाही, अशी विचित्र अवस्था येते. आणि सगळे सुरळीत असले तरी चारही उत्तरे येईपर्यंत ग्राहक ताटकळत राहतो.

मध्ये क्यू, म्हणजे ब्रोकरने सांभाळलेली संदेशांची रांग, असली की ऑर्डरचा प्रोग्राम ‘अमुक क्रमांकाची ऑर्डर नोंदली’ असा संदेश ब्रोकरच्या हवाली करतो, ब्रोकरची पोच मिळताच मोकळा होतो, आणि बाकीचे प्रोग्राम आपापल्या वेगाने तो संदेश उचलतात. युनिक्समध्ये १९७३ साली आलेल्या पाइपने एका प्रोग्रामचे आउटपुट दुसऱ्याला जोडण्याची सोय केली होती. परंतु त्यातला मजकूर मेमरीतच राहतो आणि वाचणारा प्रोग्राम मेला की न वाचलेला मजकूरही जातो. वेगवेगळ्या यंत्रांवरील प्रोग्रामांसाठी संदेश डिस्कवर जपून ठेवणारी आणि पलीकडचा प्रोग्राम उद्या सुरू झाला तरी त्याला तो देणारी व्यवस्था लागते. आयबीएमने १९९३ साली आणलेली एमक्यूसिरीज ही अशा व्यवस्थांपैकी सर्वांत प्रसिद्ध. आज ती आयबीएम एमक्यू या नावाने बँकांत व मोठ्या संस्थांत चालते.

ब्रोकर बंद पडला तर काय, ही शंका रास्त आहे. त्यासाठी ब्रोकर एकाच यंत्रावर ठेवत नाहीत. रॅबिटएमक्यू या ब्रोकरच्या कोरम क्यूमध्ये संदेशाच्या प्रती सहसा तीन यंत्रांवर असतात आणि त्यांपैकी बहुमताने, म्हणजे किमान दोघांनी, नोंद केल्यावरच पाठवणाऱ्याला पोच दिली जाते. ब्रोकरला संदेशातील मजकुराचा अर्थ लावायचा नसतो, त्याचे काम मर्यादित असते, म्हणून ते भक्कम करता येते. रोज नवीन नियम घुसणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रामबाबत तसे म्हणता येत नाही.

मात्र ज्या उत्तरावाचून पुढे जाताच येत नाही, तिथे क्यू घालू नये. पासवर्ड बरोबर आहे का, हे विचारणारा प्रोग्राम उत्तराची वाटच पाहणार असतो. तिथे संदेश पाठवून, दुसऱ्या क्यूवर उत्तराची वाट पाहून, दोन्हींची जुळणी करत बसणे म्हणजे थेट विनंतीचेच काम अधिक संथ आणि अधिक नाजूक मार्गाने करणे होय.

प्रश्न : आमच्या संस्थेत संदेश स्वीकारून ग्राहकांना पावती पाठवणारा एक प्रोग्राम आहे. काही ग्राहकांना एकच पावती दोनदा गेली. तपासले तेव्हा ब्रोकरने तोच संदेश दोनदा दिल्याचे दिसले. प्रत्येक संदेश नेमका एकदाच पोचवणे ही ब्रोकरची जबाबदारी नाही का? तशी हमी देणारा ब्रोकर कोणता?

उत्तर : सर्वाधिक पत्रे याच अडचणीची आहेत, आणि ब्रोकर बदलला की ती सुटेल अशी अपेक्षा त्यांतील बहुतेकांत दिसते. ती तशी सुटत नाही, आणि का सुटत नाही हे नीट समजून घेतले तर संदेशप्रणालींतले अर्धे प्रश्न आपोआप उलगडतात.

तुमचा प्रोग्राम संदेश घेतो, पावती पाठवतो आणि मग ब्रोकरला ‘काम झाले’ अशी पोच देतो. पोच मिळेपर्यंत ब्रोकर संदेश पुसत नाही. आता पावती पाठवून झाली आणि पोच देण्यापूर्वीच प्रोग्राम कोसळला, असे समजा. ब्रोकरला एवढेच दिसते की संदेश दिला होता आणि पोच आली नाही. प्रोग्राम काम करण्यापूर्वी कोसळला की काम केल्यानंतर, हे कळण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नसतो, कारण दोन्ही प्रसंगी त्याच्यापर्यंत काहीच येत नाही. म्हणून तो संदेश पुन्हा देतो. आता क्रम उलटा करून पाहा : आधी पोच, मग काम. मधल्या क्षणी प्रोग्राम कोसळला तर संदेश ब्रोकरकडून पुसला गेलेला असतो आणि ती पावती कधीच जात नाही. पहिल्या पद्धतीत संदेश ‘किमान एकदा’ पोचतो, दुसरीत ‘जास्तीत जास्त एकदा’. पहिलीत काम दोनदा होण्याचा धोका, दुसरीत मुळीच न होण्याचा. ब्रोकर कोणताही असला तरी या दोहोंतून एक निवडणे भागच असते.

हा एखाद्या उत्पादनातील दोष नव्हे. संदेश हरवू शकेल अशा मार्गावरून कितीही पोचपावत्यांची देवाणघेवाण केली, तरी शेवटची पोच पोचली की नाही याबद्दल तिच्या पाठवणाऱ्याला खात्री मिळू शकत नाही, हे १९७५ साली अक्कोयुनलू, एकनाधम आणि ह्यूबर यांनी एका निबंधात मांडले. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये त्याला दोन सेनापतींच्या कोड्याचे रूप दिले, आणि त्याच नावाने तो प्रश्न आज शिकवला जातो.

दोनदा पोचण्यासाठी प्रोग्राम कोसळावाच लागतो असेही नाही. अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएस या सेवेत संदेश एका प्रोग्रामने उचलला की ठरावीक काळ तो इतरांना दिसत नाही, आणि वेगळी सूचना दिली नसेल तर हा काळ ३० सेकंदांचा असतो. तुमच्या कामाला ४० सेकंद लागले, तर प्रोग्राम धडधाकट चालू असतानाच तो संदेश दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती जातो. तुमच्या बाबतीत मी पहिल्यांदा हीच मुदत तपासली असती.

‘नेमके एकदाच’ अशी जाहिरात करणाऱ्या सोयी खोट्या नसतात, पण त्यांची हद्द वाचून घ्यावी लागते. काफ्का या संदेशप्रणालीने २०१७ साली, ०.११ या आवृत्तीत, अशी सोय आणली. ती काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिणाऱ्या कामाला लागू पडते, त्यातून बाहेर गेलेल्या ईमेलला नाही. लहान उपकरणांसाठीच्या एमक्यूटीटी या प्रोटोकॉलमध्ये (संदेशांच्या देवघेवीच्या नियमावलीत) हमीच्या सर्वांत वरच्या पातळीत एका संदेशासाठी चार पॅकेटांची देवघेव होते आणि त्यामुळे दुबार संदेश टळतो. पण ही हमी उपकरण व ब्रोकर यांच्यामधल्या एका टप्प्यापुरती असते. संदेश हातात पडल्यावर तुमचा प्रोग्राम काय करतो, यावर तिचे नियंत्रण नसते.

तेव्हा उपाय घेणाऱ्याच्या बाजूला करायचा. संदेश दोनदा आला तरी परिणाम एकदाच व्हावा, अशा रीतीने प्रोग्राम लिहावा. काही कामे मुळातच तशी असतात. ‘या खात्याची शिल्लक ५०० करा’ हा आदेश तीनदा पाळला तरी शिल्लक ५०० च राहते. ‘शिल्लक ५०० ने वाढवा’ हा मात्र प्रत्येक वेळी नवीन रक्कम जमा करतो. जिथे आदेशाचे रूप बदलता येत नाही, तिथे प्रत्येक संदेशाला पाठवणाऱ्यानेच एक वेगळा क्रमांक द्यावा, आणि घेणाऱ्याने हाताळलेल्या क्रमांकांची नोंद आपल्या डेटाबेसमध्ये ठेवावी. ही नोंद आणि प्रत्यक्ष काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे होते किंवा काहीच होत नाही अशा एका गठ्ठ्यात, झाले पाहिजे, नाहीतर त्या दोहोंच्या मध्ये कोसळण्याची जुनीच फट पुन्हा उघडते. क्रमांक पाठवणाऱ्याने द्यावा असे म्हणतो, कारण पाठवणारा प्रोग्रामसुद्धा ब्रोकरची पोच न मिळाल्यामुळे तोच संदेश दोनदा पाठवू शकतो. ब्रोकरने दिलेला क्रमांक तेव्हा दोन वेगळे आकडे दाखवील.

तुमच्या पावतीचा ईमेल डेटाबेसच्या बाहेर जातो, त्यामुळे तो त्या ट्रान्झॅक्शनमध्ये बसवता येत नाही. तिथे निवड करावीच लागते, आणि माझ्या मते दोन पावत्या जाणे हे एकही न जाण्यापेक्षा कमी वाईट आहे. पैसे वळते करण्याचे काम असते तर उत्तर वेगळे असते. पैसे वळते करणाऱ्या सेवांपैकी अनेक सेवा विनंतीबरोबर तुमचा क्रमांक स्वीकारतात आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवीन व्यवहार न करता जुन्याचेच उत्तर परत देतात. ही सोय नसलेल्या सेवेशी पैशाचा व्यवहार संदेशांमार्फत जोडू नये.

प्रश्न : क्यू ‘ड्युरेबल’ ठेवली होती, तरीही ब्रोकर पुन्हा सुरू केल्यावर संदेश नाहीसे झाले. असे का?

उत्तर : रॅबिटएमक्यूच्या पारंपरिक क्यूमध्ये क्यू टिकाऊ असणे आणि संदेश टिकाऊ असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. क्यू ड्युरेबल असली तर ब्रोकर परत सुरू झाल्यावर क्यू शिल्लक राहते. तिच्यातले संदेश शिल्लक राहण्यासाठी पाठवताना प्रत्येक संदेशावर ‘पर्सिस्टंट’ अशी खूण असावी लागते. आणि एवढ्यानेही पुरत नाही. संदेश डिस्कवर गेला आहे हे पाठवणाऱ्याला कळायचे असेल, तर त्याने ब्रोकरकडून पोच मागून घ्यावी लागते, जी मागितल्याशिवाय मिळत नाही. या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे चालू कराव्या लागतात, हे त्यांच्या वर्णनात लिहिलेले असते, पण पहिली चालू केली की सुरक्षित झालो असा समज सहज होतो.

प्रश्न : ऑर्डर आमच्या डेटाबेसमध्ये नोंदली जाते, परंतु क्वचित तिचा संदेश ब्रोकरकडे पोचतच नाही आणि पुढची कामे अडतात. आम्ही आधी संदेश पाठवून मग नोंद करून पाहिली, तर कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ऑर्डरचा संदेश गेला. योग्य क्रम कोणता?

उत्तर : दोहोंपैकी कोणताही क्रम योग्य नाही. डेटाबेस आणि ब्रोकर या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत, आणि एकीत लिहून दुसरीत लिहिण्याच्या मध्ये प्रोग्राम कोसळण्याची शक्यता क्रम बदलल्याने जात नाही. फक्त नुकसानाचा प्रकार बदलतो, जो तुम्ही स्वतःच अनुभवला आहे.

लिहायचे ते एकाच ठिकाणी लिहावे. ऑर्डरच्या तक्त्याशेजारी, त्याच डेटाबेसमध्ये, पाठवायच्या संदेशांचा एक तक्ता ठेवावा आणि ऑर्डरची नोंद व संदेशाची नोंद एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करावी. दोन्ही झाल्या तर झाल्या, नाहीतर एकही नाही. एक वेगळा लहान प्रोग्राम त्या तक्त्यातून संदेश उचलतो, ब्रोकरला देतो, आणि ब्रोकरची पोच आल्यावर त्यावर ‘पाठवला’ अशी खूण करतो. या रचनेला ‘आउटबॉक्स’ म्हणतात. खूण करण्यापूर्वी तो लहान प्रोग्राम कोसळला तर संदेश पुन्हा जाईल, हे तुमच्या लक्षात आले असेलच. म्हणून आधीच्या उत्तरातील क्रमांकाची व्यवस्था इथेही हवीच. त्या तक्त्यातील जुन्या, पाठवून झालेल्या ओळी वेळोवेळी काढून टाकण्याची सोय पहिल्या दिवसापासून करावी. ती राहून जाते, तक्ता फुगत जातो आणि मग डेटाबेस संथ झाल्याची तक्रार भलत्याच प्रोग्रामवर येते.

प्रश्न : रॅबिटएमक्यू घ्यावे की काफ्का? दोन्ही संदेशच वाहून नेतात, मग फरक काय? आणि संदेश क्रमाने मिळण्याची हमी कोणात अधिक आहे?

उत्तर : दोन्हींचा जन्म वेगळ्या गरजांतून झाला आहे, आणि तो वेगळेपणा आजही त्यांच्या रचनेत दिसतो.

जावा या भाषेसाठी १९९८ पासून जेएमएस नावाचे मानक होते. पण प्रोग्रामने कोणत्या नावाची फंक्शने वापरायची एवढेच ते ठरवत असे, तारेवरून नेमके कोणते बाइट जातील हे नाही. परिणामी एका कंपनीच्या ब्रोकरशी दुसऱ्या कंपनीचा क्लायंट, म्हणजे ब्रोकरशी जोडून घेणारा प्रोग्राम, बोलू शकत नसे. जेपी मॉर्गन चेस या बँकेत जॉन ओहारा यांनी २००३ साली एएमक्यूपी या खुल्या प्रोटोकॉलचे काम सुरू केले ते ही अडचण दूर करण्यासाठी, आणि २००७ साली एर्लांग भाषेत लिहिलेला रॅबिटएमक्यू हा त्या प्रोटोकॉलवर चालणारा ब्रोकर आला. त्याच्या क्यूतील प्रत्येक संदेश म्हणजे करायचे एक काम असते. ते कोणा एका प्रोग्रामला दिले जाते, पोच आली की पुसले जाते. कोणता संदेश कोणत्या क्यूत जावा याचे नियम ब्रोकरमध्येच लिहिता येतात, आणि ते बरेच बारकाईने लिहिता येतात.

काफ्का लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी घडवले आणि २०११ साली ते सर्वांसाठी खुले झाले. संकेतस्थळावर वापरणाऱ्यांनी केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद अनेक वेगवेगळ्या प्रणालींना एकाच वेळी हवी होती, ही तिथली गरज. म्हणून काफ्का नोंदी फक्त शेवटी जोडत जाते आणि वाचल्यामुळे काहीही पुसत नाही. प्रत्येक वाचणारा गट आपण कुठवर वाचले याचा आकडा ठेवतो, आणि हवे तर मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. नोंदी काढल्या जातात त्या मुदत संपल्यावर, आणि ही मुदत बदलली नाही तर सात दिवसांची असते.

यावरून निवड बऱ्यापैकी स्पष्ट होते. कामे वाटून द्यायची असतील, प्रत्येक काम वेगळ्या वेळी संपणार असेल, फसलेले काम बाजूला काढून पुन्हा करायचे असेल, तर रॅबिटएमक्यू सोयीचे पडते. घडलेल्या गोष्टींची नोंदवही हवी असेल, ती अनेकांना वाचायची असेल आणि उद्या नवीन येणाऱ्या प्रोग्रामलाही मागच्या नोंदी वाचता याव्यात असे वाटत असेल, तर काफ्का. बहुतेक लहान संस्थांना, जिथे एक डेटाबेस आहे आणि सेकंदाला मोजके संदेश आहेत, या दोहोंपैकी कशाचीच गरज नसते. त्याच डेटाबेसमधील एक तक्ता क्यू म्हणून पुरतो आणि सांभाळायला एक यंत्रणा कमी राहते. हे मत सर्वांना पटत नाही, पण मी त्यावर ठाम आहे.

क्रमाविषयी : काफ्कामध्ये टॉपिकचे, म्हणजे एका विषयाच्या नोंदवहीचे, पार्टिशन (वेगवेगळे भाग) केलेले असतात आणि क्रमाची हमी एका पार्टिशनपुरती असते, संपूर्ण टॉपिकला नसते. एकाच ऑर्डरचे सर्व संदेश क्रमाने हवे असतील तर त्या ऑर्डरचा क्रमांक संदेशाची ‘की’ म्हणून द्यावा. समान की असलेले संदेश एकाच पार्टिशनमध्ये जातात. पुढे पार्टिशनांची संख्या वाढवली तर मात्र तीच की दुसऱ्या पार्टिशनमध्ये जाऊ शकते, म्हणून ही संख्या सुरुवातीलाच विचारपूर्वक ठरवावी. रॅबिटएमक्यूच्या क्यूमधून संदेश क्रमाने निघतात, पण एकाच क्यूवर चार प्रोग्राम बसवले की पहिले काम संपण्यापूर्वी दुसरे संपू शकते. तत्त्वतः हा एकच प्रश्न आहे : काम वाटले की क्रम सैल होतो. तेव्हा कोणत्या संदेशांमध्ये परस्पर क्रम खरोखर आवश्यक आहे तेवढेच ठरवावे. सगळ्यांचा क्रम सांभाळायचा असेल तर काम एकाच प्रोग्रामने, एकामागून एक करावे लागते.

प्रश्न : आमच्या क्यूमध्ये लाखो संदेश साचत चालले आहेत. ब्रोकरच्या यंत्राची मेमरी वाढवावी का?

उत्तर : मेमरी वाढवल्याने अधिक संदेश साचण्याची सोय होईल, ते साचण्याचे कारण तसेच राहील. क्यू लांबते ती दोनच कारणांनी : संदेश येण्याचा वेग ते हाताळण्याच्या वेगापेक्षा अधिक आहे, किंवा हाताळणारा कुठेतरी अडकला आहे.

दुसरे कारण आधी तपासावे, कारण ते अनेकदा एका संदेशात असते. ज्यातला मजकूर वाचताच प्रोग्राम कोसळतो असा एखादा संदेश असला, तर तो पोच न मिळाल्यामुळे परत येतो, पुन्हा प्रोग्राम पाडतो, पुन्हा परत येतो, आणि त्याच्यामागचे सगळे थांबतात. यासाठी ठरावीक प्रयत्नांनंतर संदेश ‘डेड लेटर क्यू’मध्ये बाजूला टाकण्याची व्यवस्था करावी. त्या क्यूकडे रोज लक्ष देणारे माणूस नेमलेले असावे, अन्यथा ती व्यवस्था म्हणजे संदेश हरवण्याचा एक व्यवस्थित मार्ग ठरते. पुन्हा प्रयत्न करतानाही दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत न्यावा. पडलेल्या सेवेवर सगळ्यांनी एकाच वेळी पुन्हा तुटून पडण्याने ती उभीच राहू शकत नाही.

वेगाचाच प्रश्न असेल, तर थोडे गणित उपयोगी पडते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमानुसार, स्थिर चाललेल्या कोणत्याही व्यवस्थेत एका वेळी असलेल्या संदेशांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाला आत लागणारा सरासरी वेळ. सेकंदाला २०० संदेश येत असतील आणि व्यवस्थेत सरासरी ६०० संदेश असतील, तर प्रत्येक संदेश सरासरी तीन सेकंद आत राहतो आहे, हे मोजमाप न करताही कळते. आणि हाताळणारा प्रोग्राम जवळपास पूर्ण क्षमतेने चालवणे हे काटकसरीचे वाटले तरी महागात पडते. संदेश येणे आणि काम संपणे दोन्ही यदृच्छेने होते असे धरणाऱ्या सर्वांत साध्या गणिती नमुन्यात, क्षमतेच्या ५० टक्के वापराला व्यवस्थेत सरासरी एक संदेश असतो, ९० टक्के वापराला नऊ, आणि ९९ टक्के वापराला नव्याण्णव. त्यामुळे सरासरी क्षमता पुरेशी दिसत असतानाही गर्दीच्या वेळी क्यू अचानक फुगते.

घेणारे प्रोग्राम वाढवणे हा सरळ मार्ग आहे. काफ्कामध्ये मात्र एका गटात पार्टिशनांपेक्षा अधिक प्रोग्राम बसवले तर वरचे रिकामे बसून राहतात. आणि प्रोग्राम वाढवूनही खालचा डेटाबेसच पुरा पडत नसेल, तर पाठवणाऱ्याला थांबवण्यावाचून इलाज नाही. आधी उल्लेखलेल्या पाइपमध्ये ही गोष्ट उपजतच आहे : लिनक्सवर तो सहसा ६५,५३६ बाइटांचा असतो आणि भरला की त्यात पुन्हा रिकामी जागा होईपर्यंत लिहिणारा प्रोग्राम थांबून राहतो. क्यूला लांबीची मर्यादा घालणे आणि मर्यादा आल्यावर नवीन संदेश नाकारणे हे त्याचेच रूप आहे. काहीच न नाकारणारी क्यू शेवटी डिस्क भरेपर्यंत सगळे स्वीकारते आणि मग कोणाचेच स्वीकारत नाही.

देखरेखीसाठी क्यूतील संदेशांच्या संख्येपेक्षा सर्वांत जुना संदेश किती वेळ पडून आहे, हा आकडा पाहावा. एक लाख संदेश दोन मिनिटांत संपणार असतील तर काळजीचे कारण नाही. बारा संदेश सकाळपासून पडून असतील तर आहे.

प्रश्न : पाठवणाऱ्या गटाने संदेशातील एका क्षेत्राचे नाव बदलले आणि घेणारे तीन प्रोग्राम बंद पडले. हे टाळण्याची पद्धत काय?

उत्तर : संदेशाचा आराखडा हा करार आहे, आणि क्यूमध्ये तो थेट विनंतीपेक्षाही अधिक चिवट असतो, कारण जुन्या आराखड्यातले संदेश बदल केल्यानंतरही क्यूत वाट पाहत असतात. दोन्ही बाजू एकाच मिनिटाला बदलल्या तरी ते उरतातच. म्हणून नवीन क्षेत्र जोडावे, ते नसले तरी चालेल असे ठेवावे, आणि असलेल्या क्षेत्राचे नाव किंवा अर्थ बदलू नये. घेणाऱ्याने अनोळखी क्षेत्र दिसल्यास ते सोडून पुढे जावे. प्रोटोकॉल बफर्ससारख्या पद्धतीत तारेवरून क्षेत्राचे नाव न जाता क्रमांक जातो, त्यामुळे नाव बदलल्याने तिथे बिघडत नाही. पण काढलेल्या क्षेत्राचा क्रमांक पुन्हा कधीही दुसऱ्या क्षेत्राला द्यायचा नाही, ही शिस्त पाळावी लागते. बदल मोठाच असेल तर नवीन टॉपिक उघडावा आणि जुना रिकामा होईपर्यंत दोन्ही चालवावेत.

प्रश्न : लहान सेन्सरवर, जिथे बॅटरी आणि नेटवर्क दोन्ही तुटपुंजे आहेत, अशी प्रणाली चालेल का?

उत्तर : त्यासाठीच एमक्यूटीटी आहे. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९ साली ती घडवली, ती उपग्रहाच्या महागड्या आणि संथ दुव्यावरून तेलवाहिन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी. संदेशाचा ठरीव शीर्षभाग कमीत कमी दोन बाइटांचा असतो. जोडणी करतानाच उपकरण ब्रोकरकडे एक ‘शेवटचा संदेश’ देऊन ठेवू शकते, आणि निरोप न घेता ते गायब झाले तर ब्रोकर तो इतरांना पाठवतो. ब्रोकर हे ओळखतो कसे, तर उपकरणाने सांगितलेल्या कालावधीच्या दीडपट वेळ काहीच आले नाही की तो जोडणी तुटली असे मानतो. दर मिनिटाला तापमान कळवणाऱ्या सेन्सरसाठी सर्वांत खालची, पोच न मागणारी पातळी वापरावी. एक आकडा हरवला तर पुढच्या मिनिटाला दुसरा येतोच, आणि बॅटरी वाचते.

प्रश्न : मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी आहे. हे सर्व वाचून समजते, पण हाताखालून गेल्याशिवाय पक्के होणार नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : आपल्याच संगणकावर रॅबिटएमक्यू चालवा आणि दोन छोटे प्रोग्राम लिहा. एकाने एक ते शंभर असे आकडे संदेश म्हणून पाठवावेत. दुसऱ्याने प्रत्येक आकडा फाइलमध्ये लिहून, दोन सेकंद थांबून, मग पोच द्यावी. आपोआप पोच देण्याची सोय बंद ठेवा. घेणारा प्रोग्राम चालू असताना तो मध्येच जबरदस्तीने बंद करा, पुन्हा सुरू करा, आणि फाइल उघडून कोणता आकडा दोनदा आला ते पाहा. परत आलेल्या संदेशावर ब्रोकरने ‘रीडिलिव्हर्ड’ अशी खूण केलेली दिसेल. मग पोच आधी आणि लिहिणे नंतर असा बदल करून, या वेळी पोच दिल्यावर लिहिण्यापूर्वीच्या थांब्यात प्रोग्राम बंद पाडा; या वेळी एखादा आकडा गायब असेल. त्यानंतर फाइलऐवजी लहानसा डेटाबेस वापरून, संदेशाचा क्रमांक आणि आकडा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, क्रमांक दुबार येऊ नये असे बंधन घाला, आणि पोच पुन्हा शेवटी न्या. आता प्रोग्राम हवा तितक्या वेळा बंद पाडा आणि तक्त्यातल्या ओळी मोजा. शंभर भरल्या नाहीत, तर तुमचा प्रोग्राम आणि आलेला निकाल या सदराकडे पाठवा. चूक कुठे आहे ते पुढच्या अंकात पाहू.